टी-पेशीच्या भेटीत लांबीचा खेळ

पावसाळा लागला की नाशिकमध्ये रविवार कारंज्यापासून कॉलेज रोडपर्यंत औषधांच्या दुकानांबाहेर ‘इम्युनिटी वाढवा’ असे फलक दिसू लागतात. हा दावा मला घातक वाटतो. प्रतिकारशक्तीचा खरा प्रश्न जोराचा नसून निवडीचा आहे. टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीला, शरीराच्या स्वतःच्या असंख्य प्रथिन-तुकड्यांतून विषाणूचे मोजके तुकडे ओळखायचे असतात. चुकली, तर ती आपल्याच अवयवांवर उलटते. टाइप-१ मधुमेह असाच होतो.

ओळख पटते ती दोन पेशींच्या स्पर्शात : एक टी-पेशी आणि दुसरी आपल्या पृष्ठभागावर तुकडे दाखवणारी पेशी. १९९८-९९च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की स्पर्शाच्या जागी रेणू वर्तुळात लागतात : मध्यभागी टी-पेशीचे रिसेप्टर, म्हणजे तुकडे ओळखणारे रेणू, आणि भोवती दोन पेशींना चिकटवणाऱ्या रेणूंचं कडं. ही रचना होते कशी? २००१ साली शास्त्रज्ञ अरूप चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी संगणकावर याचं सिम्युलेशन केलं. पेशींची पटलं (बाहेरची पातळ आवरणं), त्यांवर फिरणारे रेणू, त्यांचं जुळणं-सुटणं आणि पटल वाकवायला लागणारी ऊर्जा, एवढंच त्यात घातलं होतं. तरी तशीच रचना उमटली!

गुपित लांबीत आहे. रिसेप्टर आणि समोरच्या पेशीवरचा तुकडा यांची जोडी सुमारे १५ नॅनोमीटर लांब, तर चिकटवणारी जोडी सुमारे ४०. मांडवात आखूड आणि उंच खांब सरमिसळ रोवले तर कापड जागोजागी ताणलं जातं. आखूड एकीकडे, उंच एकीकडे केले की ताण कमी होतो. पटलाचंही तसंच आहे. त्यात सीडी४५ हा मोठा रेणू आखूड फटीत मावत नाही, बाहेर ढकलला जातो. तो रिसेप्टरवर चढणारे फॉस्फेट काढून टाकत असतो. तो दूर गेला की फॉस्फेट टिकतात आणि संदेश आत जातो. मात्र त्यासाठी रसायनाच्या अनेक पायऱ्या ओळीने व्हाव्या लागतात, म्हणून जोडी काही सेकंद टिकायला हवी. स्वतःचे तुकडे सहसा त्याआधीच सुटतात.

पुढच्या प्रयोगांनी चित्र बदललं. रिसेप्टरचे पुंजके मध्याकडे ओढण्यात पेशीतल्या अ‍ॅक्टिन तंतूंचा मोठा वाटा निघाला, आणि संदेश मुख्यतः कडेच्या छोट्या पुंजक्यांतूनच सुरू होतो, हेही कळलं. आज कर्करोगावरच्या कार-टी उपचारात टी-पेशींवर कृत्रिम रिसेप्टर बसवतात; तो बनवताना त्याची लांबी किती ठेवायची, हाही विचार करावा लागतो.