दंतरोपण

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढवण्याची उपचारपद्धती. दवाखान्यात याला ‘इम्प्लांट’च म्हणतात. कवळी हिरडीवर टेकते. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणाऱ्या कृत्रिम दातासाठी, ते धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांट थेट हाडात उभा राहतो, त्यामुळे उपचार दाताचा असला तरी त्याचा निकाल जबडा लावतो.

पद्धतीचा उगम स्वीडनमधला. १९५२ मध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे उपकरण वापरत होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते कामात होते. १९८२ मध्ये टोरांटोत याच विषयावर झालेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर पसरली.

उपचाराची सुरुवात दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या ओपीजी एक्स-रेने होते आणि पुढे बहुधा हाडाचे त्रिमितीय चित्र देणारा सीबीसीटी स्कॅन काढतात. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून स्क्रूचे टोक किमान २ मिलिमीटर लांब ठेवतात, नाहीतर ओठ कायमचा बधिर राहण्याची भीती असते. वरच्या जबड्यात सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी आडवी येते. दात काढून ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवली की तिथले हाड झिजते, मग आधी हाडाची पूड भरून किंवा सायनसचा पडदा वर उचलून जागा करावी लागते. ‘एक दाढ गेली तर काय बिघडलं’ म्हणून दिवस ढकलणाऱ्यांना हा खर्च नंतर भरावा लागतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया तोंड बधिर करून होते. बारीक ड्रिलने भोक पाडून ते टप्प्याटप्प्याने रुंद करतात आणि त्यावर सलाइनची धार सतत सोडतात, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी त्याला इजा होऊ शकते. स्क्रू साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो. हाड धातूला धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर माप घेऊन कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, बसते. उपनगरांत ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा पाट्या दिसतात. हाड भक्कम असेल आणि पेशंट नीट निवडलेला असेल तर दात लवकर चढवता येतात, पण सरसकट सगळ्यांना नाही. पाटीवर ही अट लिहिलेली नसते.

अनियंत्रित मधुमेह, हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे आणि तंबाखू हे मोठे अडथळे. मशेरी लावणारी बाई ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगते, म्हणून इतिहास विचारताना मशेरीचे नाव घेऊनच विचारावे लागते. सुपारी-गुटख्याने गालाचा आतला भाग पांढरट, कडक होतो आणि तोंड उघडेनासे होते. उघड्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी घालून पाहायला सांगणे ही जुनी, सोपी चाचणी. दोनच बोटे मावत असतील तर मागच्या दाढेपाशी ड्रिल पोचवणेच अवघड जाते. हा आजार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो, तेव्हा अशा पेशंटच्या बाबतीत इम्प्लांटचा विचार दुय्यम ठरतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर मात्र सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून तीच चव मिळते.

मुंबईत दातांच्या उपचारासाठी सामान्य माणसाचे दोन मोठे आधार म्हणजे मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय. दात काढणे, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, अपघातात मोडलेला जबडा टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडणे ही कामे इथल्या रोजच्या रांगेतली. खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा खर्च हजारांत आणि पूर्ण जबड्याचा लाखांत जातो.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात कर्करोगामुळे जबड्याचा तुकडा काढला की पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून नवा जबडा घडवता येतो. पुढे त्याच हाडात इम्प्लांटही बसू शकतात. रेडिएशन झालेले हाड मात्र नीट भरून येत नाही, म्हणून किडलेले दात रेडिएशनच्या आधीच काढून टाकतात.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड खाल्ले जाऊ शकते आणि नस नसल्यामुळे तो ठणकत नाही. बारीक ब्रशने रोजची सफाई आणि ठरावीक काळाने तपासणी त्यामुळेच लागते. स्क्रूची कंपनी आणि माप लिहिलेले स्टिकर पेशंटने दवाखान्यातून मागून फाइलला लावून ठेवावे. दहा वर्षांनी कॅप हलायला लागली आणि मूळ दवाखाना बंद झालेला असला, तर नव्या डॉक्टरला कोणता पेचकस लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळते.