अणुकक्षकांचे संगणकीय चित्रण

अणूतील इलेक्ट्रॉनाचे तरंगफलन, म्हणजेच कक्षक, कोड लिहून मोजायचे आणि ते पृष्ठ, छेद किंवा बिंदुमेघाच्या रूपात पडद्यावर उमटवायचे, अशी ही पद्धत. तरंगफलनाचा वर्ग म्हणजे त्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याच्या संभाव्यतेची घनता, हा माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये लावलेला अर्थ तिच्या मुळाशी आहे. श्रोडिंगर समीकरणाची नेमकी उकल हायड्रोजनसारख्या एक-इलेक्ट्रॉनी अणूंसाठीच मिळते. पुढील विवेचन त्यांच्यापुरते आहे.

या चित्रांचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. हार्वी व्हाइट यांनी १९३१ मध्ये फिरत्या यांत्रिक प्रतिकृतीची छायाचित्रे घेऊन हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन-मेघ दाखवले, म्हणजे मुलिकन यांनी १९३२ मध्ये ‘ऑर्बिटल’ (कक्षक) हा शब्द रूढ करण्याच्याही आधी. समान मूल्याच्या पृष्ठांपासून इतिहास मोजणारे ओग्रिझलो व पोर्टर यांच्या १९६३ च्या आकृत्यांना अग्रस्थान देतात. संगणकाचा आग्रह धरणारे क्रोमर यांच्या १९६८ च्या त्रिमितीय भास देणाऱ्या जोडचित्रांपासून सुरुवात करतात. शीर्षकातील ‘संगणकीय’ हा शब्द गांभीर्याने घेतला तर हे शेवटचे मत अधिक सयुक्तिक वाटते. पृष्ठे आखण्याचे काम खऱ्या अर्थाने सोपे झाले ते लोरेन्सन व क्लाइन यांच्या १९८७ च्या ‘मार्चिंग क्यूब्ज’ या रीतीमुळे.

तरंगफलनाचे त्रिज्य (केंद्रकापासूनच्या अंतराचा) आणि कोनीय (दिशेचा) असे दोन भाग पडतात; कोणता कक्षक हे एन, एल आणि एम या तीन पुंजांकांवरून ठरते. पायथनमधील सायपाय या संचात दोहोंसाठी तयार फलने आहेत, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. त्रिज्य भागात लॅगेर बहुपदी येतात. जुन्या ग्रंथांत बहुपदीचा खालचा निर्देशांक एन अधिक एल असतो आणि एकूण संभाव्यता एक राखणाऱ्या स्थिरांकाच्या वर्गमुळाखालच्या छेदात त्याच बेरजेच्या क्रमगुणिताचा घन असतो. सायपायच्या संकेतात बहुपदीची कोटी एन वजा एल वजा एक असून छेदात क्रमगुणित एकदाच येते. जुना निर्देशांक तसाच उचलला तर १एस कक्षकात बोर त्रिज्येइतक्या अंतरावर, म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉमवर, एक नोड (तरंगफलन शून्य होण्याची जागा) दिसू लागतो. वास्तविक १एसला नोड नसतोच. निर्देशांक बरोबर पण स्थिरांक जुना, असे झाले तर आकार बिघडत नाही, मूल्ये मात्र कोसळतात. ३डी-झेडवर्ग कक्षकाचे सर्वाधिक मूल्य आण्विक एककांत सुमारे ०.०२८ असते आणि ते केंद्रकापासून सहा बोर त्रिज्यांवर, झेड अक्षावर येते. छेदातील चुकीमुळे ते १२० पटींनी घटते, मग ०.०१ मूल्याचे पृष्ठ मागितले की पडदा कोरा राहतो. म्हणून कोणतेही चित्र काढण्याआधी घनतेला जाळीतील एका घराच्या घनफळाने गुणून सर्व जाळीवर बेरीज करून ती एकच्या जवळ येते का, हे पाहून घ्यावे.

कोनीय भागाचा गोंधळ अधिक लबाड आहे. सायपायच्या जुन्या स्फेरिकल हार्मोनिक फलनात थीटा म्हणजे दिगंश (झेड अक्षाभोवतीचा कोन) आणि फाय म्हणजे ध्रुवीय कोन (झेड अक्षापासूनचा). भौतिकीच्या बहुतेक पुस्तकांत नेमके उलट. आवृत्ती १.१५ मध्ये हे फलन कालबाह्य ठरवून नवे पुढे केले गेले. त्यात थीटा ध्रुवीय आहे आणि निर्देशांकांचा क्रमही बदललेला आहे. एस कक्षकावर कोनांच्या अदलाबदलीचा परिणाम होत नाही, त्यामुळे पहिले चित्र निर्धोक निघते आणि चूक पुढे जाते. शिवाय एम अधिक-उणे एक या संमिश्र फलनांचे निरपेक्ष मूल्य काढले तर पी कक्षक डंबेलऐवजी मेदूवड्यासारखा दिसतो. पीएक्स आणि पीवाय हवे असतील तर त्या दोहोंची वास्तव संयोगे घ्यावी लागतात.

केवळ कोनीय भाग आखला तर पी कक्षकाचे दोन गोल केंद्रकाशी टेकतात. संपूर्ण तरंगफलनाचे समान मूल्याचे पृष्ठ काढले तर दोन चपटे खंड निघतात, आणि ते केंद्रकाला स्पर्श करत नाहीत. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत पहिले चित्र दुसऱ्याच्या नावाने छापलेले आढळते. पृष्ठासोबत त्याचे मूल्य, किंवा आतील संभाव्यतेचे प्रमाण, दिलेले असेल तरच ते वाचता येते. उदाहरणार्थ, १एसची ९० टक्के संभाव्यता २.६६ बोर त्रिज्यांच्या गोलात मावते.

नागपुरात अकरावीच्या रसायनशास्त्रात कक्षकांचे आकार भेटतात आणि त्यांमागचे समीकरण महाविद्यालयात. शहरातील शासकीय विज्ञान संस्था (१९०६), नागपूर विद्यापीठ (१९२३) आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (मूळ महाविद्यालय १९६०) ही या विषयांच्या अध्यापनाची जुनी ठिकाणे. कामापुरता साधा लॅपटॉप चालतो : शंभर-शंभर-शंभर बिंदूंच्या जाळीत दहा लाख मूल्ये येतात, ती सुमारे आठ मेगाबाइटांत बसतात. ३डी कक्षकासाठी चौकट केंद्रकापासून दोन्ही बाजूंना २५ बोर त्रिज्या तरी घ्यावी, कारण तिथली सरासरी त्रिज्याच १०.५ असते, चौकट दहाची घेतली तर लहान मूल्याची पृष्ठे कडेला कापली जातात. जर्नलला लावण्यासाठी चित्र सीताबर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात छापले की तरंगफलनाची धन-ऋण चिन्हे दाखवणारे लाल-निळे रंग एकाच करड्यात मिसळतात. त्यासाठी धन खंड भरीव आणि ऋण खंड तारजाळीचा आखण्याची सोय मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चित्रे काढणाऱ्या संचात आहे.