ल्युनेट निखळलं की ल्युनेटभोवतीचं?

मोटरसायकल घसरली, माणूस तळहात टेकवून पडला, मनगट टम्म सुजलं. समोरून एक्स-रे काढला, ‘फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1993 साली ल्युनेट या मनगटातल्या हाडाभोवतीच्या इजांच्या 166 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दर चौघांत एकाचं निदान सुरुवातीला हुकलेलं निघालं.

मनगटात 8 छोटी हाडं असतात. मधलं ल्युनेट बाजूने पाहिलं की चंद्रकोरीसारखं दिसतं, नावही त्यावरूनच. खरा उलगडा बाजूच्या एक्स-रेत होतो. तिथे रेडियसची (हाताच्या अंगठ्याकडच्या लांब हाडाची) बशी, बशीत ल्युनेटचा कप आणि कपात बसलेलं कॅपिटेट या मनगटातल्याच छोट्या हाडाचं गोल डोकं, असं एका रेषेत दिसायला हवं. फिल्म तिरकी असेल तर आधी ती परत काढायला लावा. तिरक्या फिल्मवर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

पेरिल्युनेट डिसलोकेशनमध्ये, म्हणजे ल्युनेटभोवतीचं निखळतं तेव्हा, कप बशीतच असतो. कॅपिटेट मात्र कपातून निसटून, बहुतेक वेळा, हाताच्या पाठीकडे गेलेलं असतं. सोबत स्कॅफॉइड हे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड मोडलेलं असणं नेहमीचंच. गंमत अशी की समोरच्या फिल्मवर ते फ्रॅक्चर सापडलं की बघणाऱ्याचं समाधान होतं आणि निखळलेला सांधा तसाच राहतो.

ल्युनेट डिसलोकेशनमध्ये उलटं. कॅपिटेट रेडियसच्या रेषेत परत आलेलं, आणि कपच तळहाताकडे कलंडलेला, चहा सांडल्यासारखा. समोरून चौकोनी दिसणारं ल्युनेट त्रिकोणी दिसू लागतं. ते मीडियन नर्व्हवर, म्हणजे मनगटातून हाताच्या पंजात जाणाऱ्या एका नसेवर, दाबलं जातं. म्हणून अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालंय का, हे विचारायलाच हवं. पेरिल्युनेटमध्येही बधिरपणा येतो, त्यामुळे केवळ त्यावरून नाव ठरवू नये.

मेफिल्डने 1980 साली मृतदेहांच्या मनगटांवर प्रयोग करून दाखवलं, की ही एकाच इजेची चढती पायरी आहे: लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) एकामागून एक फाटत जातात, तिसऱ्या पायरीवर पेरिल्युनेट, चौथीवर ल्युनेट. मधल्या अवस्थेतली फिल्मही हाती येते, कप जरासा कललेला, कॅपिटेट जरासं मागे. तेव्हा नावावरून वाद घालत बसू नये. दोन्हीत हाडं तातडीने जागेवर आणायची असतात, आणि पुढे बहुतेकदा ऑपरेशन असतंच.