बूस्टवर मिसिंग: ठिणगी विझते की पेट्रोल अपुरं पडतं?

टर्बो पेट्रोल गाडी आयडलला शांत असते, हलक्या पायानं चालवली तर तक्रार नसते. पण वरच्या गिअरमध्ये पाय दाबला, बूस्ट (टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब) भरला, की झटके सुरू होतात. स्कॅनर लावला तर पी ०३००, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट न ठेवणारा मिसफायरचा (सिलिंडरमधलं मिश्रण न पेटण्याचा) कोड. इथून दोन वाटा फुटतात. ठिणगी नीट पडत नाही, किंवा हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. बसल्या जागी दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून आधी कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारा भाग) बदलायच्या, मग प्लग, मग पंप असा महागडा क्रम लागतो. तो टाळता येतो, आणि टाळायलाच हवा.

आधी ठिणगी. प्लगच्या दोन टोकांमधल्या गॅपवरून उडी मारायला लागणारं व्होल्टेज गॅपवर अवलंबून असतं, तसंच तिथल्या वायूच्या दाबावरही. फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ साली दाब आणि अंतर यांच्या गुणाकाराशी या व्होल्टेजचा संबंध जोडून दाखवला. १ बार बूस्ट म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) सुमारे २ बार निरपेक्ष दाब; कॉम्प्रेशनच्या शेवटी सिलिंडरमधला दाबही बिनबूस्टच्या मानानं जवळपास दुप्पट. आयडलला सहज उडणारी ठिणगी इथे कॉइलची सगळी ताकद मागते. कॉइल थकलेली असेल, तिच्या रबरी बूटला चीर असेल किंवा प्लग झिजून गॅप वाढला असेल, तर वीज गॅप सोडून बाहेरची सोपी वाट धरते आणि तो स्ट्रोक वाया जातो. बिनटर्बो इंजिनात १ ते १.१ मिलिमीटर गॅप सर्रास चालतो. टर्बोत तो बहुधा ०.७ ते ०.८ असतो, आणि बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत आणखी कमी ठेवतात.

पेट्रोल अपुरं पडण्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण बूस्टवर मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवलेलं असतं, लॅम्डा साधारण ०.८ ते ०.८५. (लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा: १ म्हणजे नेमकं प्रमाण, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन.) पंप थकला, फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टरची क्षमता संपली, की हा आकडा वर सरकू लागतो. पण लॅम्डा १ पर्यंत गेला म्हणून लगेच मिसफायर होत नाही, कारण ते मिश्रणही चांगलं पेटतं. त्याआधी नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी ओढेनाशी होते. झटके येतात ते त्यानंतर, मिश्रण फारच लीन झाल्यावर. म्हणून आधी ताकद मरते आणि मग झटके येतात, असा क्रम दिसला तर संशय पेट्रोलवर घ्यावा. ताकद भरपूर असतानाच मध्येच कडक, तुटक झटका बसला तर ठिणगीवर.

याहून भरवशाची खूण आरपीएमची, आणि तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. सिलिंडरमधला दाब टॉर्कबरोबर (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराबरोबर) वाढतो, पेट्रोलची मागणी मात्र पॉवरबरोबर. ठिणगी विझायची असेल तर ती टॉर्कच्या शिखराजवळ विझते, म्हणजे आजच्या बहुतेक छोट्या टर्बो इंजिनांत मधल्या आरपीएमला. आरपीएम आणखी चढले आणि टॉर्क उतरला, की गाडी कधीकधी आपोआप सावरतेही. पंप कमी पडत असेल तर उलट: आरपीएम जितके वर आणि ओढ जितकी लांब, तितकी अवस्था वाईट. टाकीत पेट्रोल कमी असताना त्रास वाढत असेल तर पंपाकडे आणखी एक बोट.

आता ज्या एका गोष्टीमुळे सर्वाधिक चुकीचं निदान होतं ती. लॉगमध्ये (स्कॅनरनं चालत्या गाडीत घेतलेल्या नोंदीत) झटक्याच्या क्षणी लॅम्डा एकदम लीन दिसतो आणि निकाल लागतो की पेट्रोल कमी पडलं. पण लॅम्डा सांगणारा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी पडली नाही तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर येते, तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि सेन्सर लीन सांगतो, आत पेट्रोल पुरेसं गेलेलं असलं तरी. त्या आकड्यावर विसंबून ईसीयूच्या फ्युएल मॅपमध्ये आणखी पेट्रोल ओतलं की प्लग काळे पडतात आणि मिसफायर वाढतो.

खरा निवाडा करतो फ्युएल रेलचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब. मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, लॅम्डा, बूस्ट आणि सिलिंडरवार मिसफायरची मोजणी एकाच लॉगमध्ये घ्या आणि आधी काय हललं ते पाहा. दाब आधी घसरला, मग लॅम्डा सावकाश वर गेला, मग मोजणी वाढली, तर दोष पेट्रोलचा. दाब स्थिर, आणि मोजणीच्या उडीबरोबरच लॅम्डाचा अणकुचीदार काटा, तर बहुधा ठिणगी. पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, मॅनिफोल्डमध्ये फवारलं जातं तिथे) दाबाच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल तर मूळचा ३ बार दाब १ बार बूस्टवर ४ बार व्हायला हवा. ती नळी निघाली आणि दाब ३ वरच राहिला, तर इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक २ बार उरतो आणि पेट्रोल सुमारे १८ टक्के घटतं. पंप धडधाकट, आणि गाडी तरी लीन! डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं तिथे) टाकीतल्या पंपाचा कमी दाबही वेगळा तपासा. तो ढासळला की वरचा हाय प्रेशर पंप उपाशी राहतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

मोजणी एकाच सिलिंडरवर चढत असेल तर काम सोपं. त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल, नाही तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. प्लग काढल्यावर चिनी मातीवर बारीक काळी उभी रेघ दिसली तर वीज बाहेरून पळत होती. धातूच्या कडेलगतचं तपकिरी वलय मात्र निरुपद्रवी असतं. त्यावरून प्लग फेकू नका. सगळ्याच सिलिंडरवर संशय असेल तर नवे प्लग योग्य हीट रेंजचे घ्या आणि गॅप कंपनीनं दिलेल्या मर्यादेत खालच्या बाजूला ठेवून पाहा. त्रास गेला किंवा जास्त बूस्टकडे सरकला, तर ठिणगीचाच प्रश्न होता.

दोन तोतये लक्षात असू द्या. मास एअरफ्लो सेन्सरनंतर (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरनंतर) बूस्टची नळी सुटली तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण अति रिच होतं आणि काळ्या धुरासह गाडी अडखळते. आणि ठरावीक बूस्टला भिंतीवर आदळल्यासारखी सगळी ताकद एकदम गेली, तर बहुधा ओव्हरबूस्टमुळे ईसीयूनंच कट मारलेला असतो.

चाचणी वाहतुकीला बंद असलेल्या मोकळ्या जागी किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या, आणि दोष दिसला की पाय उचला. ठिणगीच्या मिसफायरमध्ये न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) जळून जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तो त्याच इशाऱ्यासाठी. लीन मिश्रणावर बूस्टमध्ये नॉकिंग झालं तर थेट पिस्टन जातो, आणि त्याला वेळ लागत नाही. म्हणून प्लग कितीही स्वस्त असले तरी रेलचा दाब आधी पाहावा, आणि तो घसरताना दिसला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊ नये.