साठ सांगितल्या, हाती आल्या एकवीस

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी मानवी भ्रूण म्हणजे जेमतेम शे-दीडशे पेशींचा पोकळ गोळा असतो. आत एका बाजूला पेशींचा पुंजका चिकटलेला असतो आणि पुढे सगळं शरीर त्यातूनच घडतं. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी हा पुंजका वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला, आणि मानवी भ्रूणीय मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, हाती आल्या. पुंजका काढला की भ्रूण मात्र नष्ट होतो. अशा संशोधनासाठी भ्रूण नष्ट करावा का, या वादाचं मूळ हेच.

९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं, की सरकारी पैसा फक्त तोवर तयार असलेल्या पेशीरेषांवरच्या संशोधनाला मिळेल. पेशीरेषा म्हणजे एकाच भ्रूणातून निघून वाढत राहिलेलं पेशींचं कूळ. अशी साठांहून अधिक कुळं असल्याचं ते म्हणाले. संशोधकांना प्रत्यक्ष वापरता आली ती एकवीस.

तीही कशी? या पेशी भारी नाजूक. पोषकद्रव जवळजवळ रोज बदलावं लागतं, आणि त्या काळी बशीच्या तळाशी उंदराच्या पेशींचा थर अंथरून त्यावर त्या वाढवत. त्यामुळे उंदराचे रेणू त्यांच्यात शिरत. अशा पेशी रुग्णाच्या शरीरात सोडायच्या म्हणजे शरीराने त्या परक्या म्हणून नाकारण्याची भीती. शिवाय वर्षानुवर्षं वाढवत राहिलं की पेशींच्या जनुकांत दोष साठत जातात, तो धोका वेगळाच.

वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक इलायस झेरहूनी यांना बुश यांनीच नेमलं होतं. मार्च २००७ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी स्वच्छ सांगितलं, की शास्त्रज्ञांना आणखी पेशीरेषा मिळणं विज्ञानाच्या आणि देशाच्याही हिताचं आहे. प्रौढ मूलपेशींत, म्हणजे भ्रूणाऐवजी वाढलेल्या शरीरातून मिळणाऱ्या मूलपेशींत, भ्रूणीय पेशींएवढीच क्षमता आहे, हा दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही, असंही ते म्हणाले. पदावर असताना, नेमणाऱ्याच्या धोरणाविरुद्ध! मला हे फार मोलाचं वाटतं. भ्रूणाला नैतिक दर्जा किती द्यायचा हे विज्ञान ठरवू शकत नाही, पण बशीत काय दिसतं ते लोकांना सांगणं आरोग्य अधिकाऱ्याचं कामच आहे.

ते करू दिलं नाही तर काय होतं, हे त्याच वर्षी जुलैमध्ये कळलं. माजी सर्जन जनरल, म्हणजे जनतेला आरोग्याविषयी सल्ला देणारे अमेरिकी सरकारचे प्रमुख डॉक्टर, रिचर्ड कार्मोना यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीला सांगितलं, की मूलपेशींमागचं विज्ञान लोकांना समजावण्याची त्यांची इच्छा होती. पण निर्णय झालेला आहे, बोलू नका, असं त्यांना बजावण्यात आलं.

मार्च २००९ मध्ये बराक ओबामांनी ते बंधन उठवलं. जुलैत नवे नियम आले: वंध्यत्वाच्या उपचारात उरलेलेच भ्रूण, दात्यांची लेखी संमती, आणि मोबदला एक पैसाही नाही.