जीव वाचला, कान गेले

बेळगावच्या वडगावातल्या एका यंत्रमाग कामगाराला त्यांचा मुलगा माझ्याकडे कान तपासायला घेऊन आला, तेव्हा त्यांना दवाखान्यातून घरी येऊन 16 दिवस झाले होते. वय 54. मूत्रपिंडं आधीपासून अधू. त्यात लघवीचा संसर्ग रक्तात गेला आणि ताप काही केल्या उतरेना. बेळगावातल्या एका दवाखान्यात दहा-बारा दिवस काढून माणूस चालत घरी आला, ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण घरी आल्यावर बायको काय बोलते ते कळेना, नातू काय मागतो ते कळेना. "कानात भुंगा फिरूलाय बघा मॅडम, रात्रभर," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज नीट येत नसल्यामुळे जरा मोठ्यानंच म्हणाले.

मी त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. 250, 500, 1000 हर्ट्झ म्हणजे जाडे, खालचे स्वर. त्यावर अंगठा झटपट दाबला जात होता. 2000 ला थोडा वेळ लागला. 4000 ला मी आवाज वाढवत वाढवत 65 डेसिबलपर्यंत नेला तेव्हा कुठे दिवा लागला. 8000 ला दिवा लागलाच नाही. काका अंगठा बटणावर तसाच ठेवून काचेतून माझ्याकडे बघत राहिले, मशीन बंद पडलं की काय अशा नजरेनं. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण त्या नजरेची सवय मला अजून झालेली नाही.

मग तोंडासमोर कागद धरून मी शब्द म्हटले. "सात" म्हटलं तर ते "हात" म्हणाले. "पाच" म्हटलं तर "पाट". स्वरांचा जाडा भाग त्यांना व्यवस्थित ऐकू येत होता. स, श, च ही वरच्या पट्टीतली फुसफुसणारी अक्षरं तेवढी गळून पडत होती. अशा माणसाला लोक म्हणतात, "हाक मारली तर ओ देतो, मग सांगितलेलं कसं समजत नाही?" आवाज पोचतो, शब्द पोचत नाही.

मुलानं दवाखान्याचा डिस्चार्ज कागद पुढे केला. औषधांच्या यादीत अमिकासिन होतं, म्हणजे जंतू मारणारं, पण कानालाही बाधू शकणारं इंजेक्शन. "मॅडम, डॉक्टरांनी चूक केली काय हो? केस घाला म्हणतात आमच्यातले."

हा प्रश्न मला दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणं मी टाळते, आणि का टाळते ते सविस्तर सांगायला हवं.

अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच घराण्यातली औषधं. जंतूच्या पेशीत प्रथिनं विणणारा एक बारीक माग असतो. ही औषधं त्या मागात जाऊन अडकतात, वीण चुकत जाते आणि जंतू मरतो. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं आणि क्षयरोगावर पहिल्यांदाच खरंखुरं औषध मिळालं. पण दोन-तीन वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं की बरे झालेले काही रुग्ण चालताना झोकांड्या खातात, काहींना ऐकू येत नाही. म्हणजे हा धोका वैद्यकाला 80 वर्षं माहीत आहे. तरी औषध टिकलं, कारण रक्तात पसरलेल्या काही संसर्गांत ते आजही जीव वाचवतं, आणि स्वस्तात वाचवतं.

कानालाच का लागतं? आतल्या कानाच्या शंखात सुमारे 15,000 केशपेशी असतात. त्यांच्या टोकावरचे केस आवाजानं हलतात, बारीक दारं उघडतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. अमिकासिन त्याच दारांतून आत घुसतं. आत गेलं की लवकर बाहेर पडत नाही. इंजेक्शन थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे पेशीत साचून राहतं. म्हणून काहींचं ऐकणं दवाखान्यात नव्हे, घरी आल्यावर कमी होतं. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी सगळ्यांत वरचे स्वर टिपतात आणि आधी त्याच मरतात. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

आणि हे औषध शरीराबाहेर टाकायचं काम असतं मूत्रपिंडांचं. तीच अधू असली तर रक्तातलं प्रमाण चढत जातं. ज्याला हे औषध सर्वाधिक बाधतं, पुष्कळदा त्यालाच त्याची गरज पडते. डॉक्टरांची खरी कोंडी ही आहे.

या कोंडीवरचा एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्रकरण 1991 सालचं, मुंबईतलं. मूत्रपिंडं निकामी झालेला, डायलिसिसवर असलेला रुग्ण, अंगात ताप. लघवीच्या तपासणीत दिसलं की जंतूंवर दोनच औषधं चालतील. त्यातलं एक मूत्रपिंड निकामी असलेल्याला देता येत नाही. उरलं अमिकासिन. ते दिलं. रुग्णाची तक्रार अशी की डोस जास्त झाला आणि त्यामुळे आपण बहिरे झालो. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन 4 लाख रुपये व्याजासह द्यायला सांगितले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला: जिवावर बेतलेलं असताना, त्या स्थितीत दुसरा शहाणा डॉक्टर जे करेल तेच केलं असेल, तर परिणाम वाईट झाला एवढ्यावरून हलगर्जी ठरत नाही.

या विचारामागे 1957 सालचा एका इंग्रज न्यायालयाचा निकाल आहे, आणि आपल्याकडे 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं तो फौजदारी खटल्यांसाठी आणखी कडक केला. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. ग्राहक न्यायालयाची वाट त्याहून सोपी आहे. 1995 पासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते.

पण कायद्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आपल्या मनाचा एक दोष. 1991 सालीच अमेरिकेत 112 भूलतज्ज्ञांना 21 रुग्णांच्या हकिगती वाचायला दिल्या. प्रत्येक हकिगतीच्या दोन प्रती होत्या आणि उपचारांचा तपशील दोन्हींत अक्षरशः तोच होता. फरक फक्त शेवटात: एकीत इजा तात्पुरती, दुसरीत कायमची. उपचार योग्य होते का, एवढंच विचारलं होतं. इजा कायमची आहे असं वाचणाऱ्यांत 'योग्य' म्हणणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ 30 टक्क्यांनी घसरलं. हे सगळे त्याच धंद्यातले, रोज हेच निर्णय घेणारे लोक होते. त्यांची नजर शेवट वाचून बदलते, तर डोळ्यांदेखत बाप बहिरा झालेल्या मुलाची बदलणारच. मी त्या मुलाला दोष देत नाही. वाईट शेवट दिसला की मागचा निर्णयही वाईटच दिसू लागतो, आणि ही ओढ दोन्ही बाजूंनी असते. शेवट चांगला झाला म्हणून किती बेफिकीर निर्णय आपण पोटात घालतो, तेही आठवावं.

मग निर्णय तपासायचा कशावरून? त्या दिवशी काय माहीत होतं, काय मोजलं आणि काय सांगितलं, यावरून.

मोजण्याचं आधी बोलते, कारण काकांच्या बाबतीत घोडं तिथंच अडलं. त्यांच्या ऐकण्याच्या आलेखात 4000 च्या वर खड्डा आहे. अमिकासिनचं नुकसान असंच दिसतं. पण 30 वर्षं मागावर उभ्या राहिलेल्या माणसाचा कानही असाच दिसतो. वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांतून जाताना भिंतीपलीकडून येणारी खटखट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे. आत उभं राहिलं तर आवाज 90 डेसिबलच्या वर जातो आणि शेजारच्याशी खुणेनं बोलावं लागतं. आवाजाचा खड्डा सुरुवातीला 4000 पाशी असतो, वर्षं गेली की पसरत 8000 पर्यंत जातो. शिवाय आवाजानं थकलेल्या कानाला हे औषध जास्त लागतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. काकांचं किती मागानं नेलं आणि किती औषधानं? इंजेक्शन सुरू होण्याआधीचा एक जरी आलेख असता, तर मी बोट ठेवून सांगितलं असतं. आधीच्या मापापेक्षा एका स्वरावर 20 डेसिबल, किंवा शेजारच्या दोन स्वरांवर 10 डेसिबल घसरण, एवढी खूण पुरेशी मानतात. आधीचं मापच नसेल तर घसरण मोजायची कशापासून? अर्ध्या तासाची ती तपासणी झाली असती, तर डॉक्टर निर्दोष असतील तर त्यांनाही तीच वाचवणार होती आणि नसतील तर काकांनाही तीच न्याय देणार होती. ताप मेंदूत चढलेल्या माणसाला खोलीत बसवता येत नाही, हे मला कळतं. पण पलंगापाशी नेता येणारी यंत्रं आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरल्यावर तरी मोजता येतं.

तोल जाण्याचंही इथं सांगून ठेवते, कारण ते कानाशी जोडलं जातच नाही. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ऐकण्याआधी बऱ्याचदा तोलाचं इंद्रिय बिघडवतात. ऐकू छान येतं, पण अंधारात भाताच्या बांधावरून चालता येत नाही. खानापूरकडची अशी एक बाई माझ्याकडे आली ती 'अशक्तपणा' म्हणून वर्षभर टॉनिक घेऊन.

आता सांगण्याचं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं संमती म्हणजे काय ते नीट उलगडून सांगितलं: उपचार कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे रुग्णाला कळेल असं सांगून मग होकार घ्यायचा. लाखात एखाद्याला होणारे, नुसतं घाबरवणारे धोके सांगायची सक्ती नाही. पण मूत्रपिंड अधू असलेल्याला अमिकासिन देताना कान जाणं हा असा दूरचा धोका नाही.

काकांच्या फाइलीत संमतीपत्र होतं. छापलेलं, इंग्रजी आणि कन्नडमध्ये. खाली त्यांची मराठीतली सही. ते बाजारापुरतं कन्नड बोलतात. भाव करतात, बस विचारतात. "किवी" म्हणजे कान एवढं त्यांना येतं. पण 'औषधाचे दुष्परिणाम' हे कन्नडमध्ये छापलेलं वाचून समजणं वेगळं. नर्सबाई बैलहोंगलकडच्या, फार मायाळू होत्या, असं काकांनी आपणहून सांगितलं. "पण त्या काय सांगतात ते निम्मं मी मान हलवून घ्यायचो." बेळगाव, निपाणी, खानापुरात आपण सगळे असं मान हलवून घ्यायला लहानपणापासून शिकतो. बसमध्ये चालतं ते. संमतीपत्रावर चालत नाही. आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. माझ्याकडे कन्नड बोलणारी आजी आली आणि मी मराठीतच समजावत सुटले, तर तिचा होकारही तितकाच पोकळ. मी आता शेवटी एकच करते: मी काय सांगितलं ते मला तुमच्या शब्दांत परत सांगा, म्हणते. दोन मिनिटं जातात. निम्म्या वेळा मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

मुलाला मी सांगितलं की सगळे कागद रीतसर मागून घे. डोस किती, किती तासांनी, त्या दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारं रक्तातलं माप) किती होतं, रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजलं का, लघवीच्या तपासणीत दुसरं कुठलं औषध चालण्यासारखं दिसलं होतं का. हे बघितल्याशिवाय कुणी 'चूक' म्हटलं तरी ऐकू नको, आणि 'चूक नाहीच' म्हटलं तरी ऐकू नको.

मग मी काकांकडे वळून माझा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून. "आईच्या माहेरी कुणाला सुया घेतल्यावर ऐकू येईनासं झालं होतं का?"

हा प्रश्न विचारण्याचं कारण 1993 मध्ये सापडलं. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया असतात आणि त्यांचा स्वतःचा प्रथिनं विणणारा माग असतो, काहीसा जंतूंच्या मागासारखा. काही माणसांत त्या मागाच्या आराखड्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्यामुळे तो जंतूंच्या मागाशी इतका जुळतो की औषध त्यालाही धरतं. अशा माणसाचे कान योग्य डोसनंही जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये सुमारे 500 माणसांत एकाकडे हा बदल आढळला. तिथं मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या नवजात शिशू विभागांत बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून 26 मिनिटांत तो ओळखणारी चाचणी वापरून पाहिली. 2022 मध्ये तिचे निष्कर्ष आले. आपल्याकडे अजून रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवून वाट बघावी लागते. पण प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

काकांनी कागद दोनदा वाचला. "मावशी," ते म्हणाले. "नंदगडची. टीबीच्या सुया झाल्या तवापास्नं ठार बहिरी. आम्ही म्हणायचो, टीबीनंच कान खाल्ले."

हा पुरावा नव्हे. मूत्रपिंड, माग आणि वय अजून आपापल्या जागी उभे होतेच, आणि रक्ताच्या तपासणीचं बघायला हवं, असं मी सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे मला पण?" तुला नाही, मी म्हटलं. मायटोकाँड्रिया आईकडून येतात, बापाकडून येत नाहीत. तुझी आईकडची बाजू वेगळी.

"मग आत्यांना?"

दोन आत्या होत्या. एक अनगोळात, एक चंदगडला, दोघींना मिळून पाच मुलं. मी एका कागदावर लिहिलं की रक्ताची तपासणी होईपर्यंत हा कागद दाखवणाऱ्या माणसाला अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन देण्याआधी आईकडच्या नातेवाइकांतला बहिरेपणा ध्यानात घ्यावा. जीव वाचवायला दुसरं औषध नसेल तर मात्र थांबू नये. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला आमच्या तंत्रज्ञाकडून कन्नडमध्ये. सात प्रती काढल्या. काकांनी त्या मोजून घेतल्या, घडी करून खिशात ठेवल्या, आणि मग आठवीही मागितली, मावशीच्या लेकीसाठी.