उच्छ्वास-संघनितातील ऑक्सिडीकरण ताणाचे मापन

बाहेर सोडलेल्या श्वासातील बाष्प थंड करून मिळणाऱ्या द्रवास उच्छ्वास-संघनित म्हणतात. फुप्फुसांवरील ऑक्सिडीकरण ताणाचे जैवनिर्देशक, म्हणजे त्याची खूण पटवणारे पदार्थ, त्यात मोजता येतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड यांसारखे क्रियाशील पदार्थ निष्प्रभ करण्याची शरीराची क्षमता अपुरी पडली, की मेद, प्रथिने व डीएनए यांची हानी होऊ लागते. हाच ऑक्सिडीकरण ताण होय. श्वासनलिकेत दुर्बीण घालून व फुप्फुसाचा भाग धुवून नमुना घेणे दम लागलेल्या रुग्णाला किंवा लहान मुलाला सहजी सोसवत नाही, आणि या पद्धतीचे मोल तिथेच आहे.

नमुना घेताना रुग्ण नाकाला चिमटा लावून, लाळ अडवणाऱ्या मुखनळीतून नेहमीच्या गतीने 10 ते 15 मिनिटे श्वासोच्छ्वास करतो. एकदिश झडपेमुळे उच्छ्वास थंड नळीत जातो आणि तिच्या भिंतींवर साधारण 1 ते 2 मिलिलिटर द्रव जमतो. त्यात 99 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अंशात श्वसनमार्गाच्या अस्तरावरील द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांतून आलेले पदार्थ असतात. मिटलेल्या लहान श्वासनलिका श्वास घेताना उघडतात, तेव्हा त्यांच्यातील द्रवाचा पापुद्रा फुटून हे थेंब हवेत मिसळतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड दाहग्रस्त फुप्फुसातील पांढऱ्या पेशी सोडतात. धूम्रपान करणाऱ्यांत आणि दमा व सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार) या विकारांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. मात्र ते अस्थिर असल्याने नमुना लगेच गोठवून उणे 70 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावा लागतो. त्या मानाने 8-आयसोप्रोस्टेन अधिक टिकाऊ आहे. मुक्त मूलकांनी (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणांनी) अ‍ॅराकिडोनिक आम्लावर, म्हणजे पेशींच्या आवरणातील एका मेदाम्लावर, थेट हल्ला केल्याने ते बनते. आयसोप्रोस्टेनांचा हा उगम अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जेसन मॉरो व जॅक्सन रॉबर्ट्स यांनी 1990 मध्ये दाखवला. मेदांच्या विघटनातून होणारे मॅलॉनडायअल्डिहाइडही मोजतात. इथेन व पेंटेन हे वायू याच विघटनातून निर्माण होतात, पण ते द्रवात न शोधता थेट उच्छ्वासाच्या हवेत वायुवर्णलेखनाने (मिश्रणातील वायू वेगळे करून मोजण्याच्या तंत्राने) मोजावे लागतात. खोलीच्या हवेतही ते असल्यामुळे व्यक्तीला आधी हायड्रोकार्बनविरहित हवा श्वासावाटे द्यावी लागते.

सर्वांत कठीण प्रश्न विरलीकरणाचा आहे. अस्तरावरील द्रव बाष्पाच्या पाण्यात हजारो पट विरल होतो आणि हे प्रमाण व्यक्तीगणिक, किंबहुना एकाच व्यक्तीत वेळेगणिक बदलते. त्यामुळे निर्देशक वाढला, की केवळ अधिक थेंब बाहेर आले, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. युरियाचे प्रमाण किंवा वाळवलेल्या नमुन्याची विद्युतवाहकता यांवरून दुरुस्ती करतात, परंतु सर्वमान्य उपाय अजून नाही. शिवाय प्रतिपिंडाधारित चाचणी व वस्तुमान वर्णपटमापन (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखण्याचे तंत्र) यांची उत्तरे जुळतातच असे नाही. म्हणून उपकरण व चाचणी वेगळी असलेल्या दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अमेरिकन व युरोपीय वक्षरोग संस्थांनी 2005 मध्ये संघनिताच्या संकलनाविषयी शिफारशी केल्या, तरी रुग्णालयातील नित्याच्या तपासणीत ही पद्धत रुळलेली नाही.

उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडची तपासणी मात्र रुळली. सेकंदाला 50 मिलिलिटर वेगाने श्वास सोडायला लावून ती करतात. अमेरिकन वक्षरोग संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांमध्ये अब्जांशी 25 भागांहून कमी मूल्य निम्न, तर 50 हून अधिक मूल्य उच्च समजतात. हा आकडा मुख्यतः इओसिनोफिल या ॲलर्जीशी निगडित पांढऱ्या पेशींच्या दाहाविषयी सांगतो. सिगारेट ओढणाऱ्यांत ऑक्सिडीकरण ताण जास्त असूनही तो बहुधा कमीच येतो, त्यामुळे त्यावरून हा ताण ठरवू नये.